नेपोलियनची थट्टा आणि डच आडनावे

डच आडनावांचा विषय निघाला की एक कथा हमखास सांगितली जाते. १८११ मध्ये नेपोलियनने नेदरलंड्समधील प्रत्येकाला कायम आडनाव घेण्याची सक्ती केली. ही राजवट फार टिकणार नाही असे मानणाऱ्या शेतकऱ्यांनी कारकुनांची फिरकी घेत वाटेल ती नावे नोंदवली आणि ती नातवंडांच्या गळ्यात कायमची पडली. पुरावा म्हणून ‘नाक्तखेबोरन’, म्हणजे ‘नग्न जन्मलेला’, हे आडनाव पुढे केले जाते. हशा पिकतो. व्युत्पत्तीचा प्रश्न तिथेच मरतो.

हुकूम खरा आहे. १८ ऑगस्ट १८११ ही त्याची तारीख. पण तोवर देशाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला बहुतेकांची आडनावे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली होती. नवे नाव घेण्याची वेळ आली ती मुख्यतः फ्रीसलंडसारख्या उत्तरेकडील प्रांतांत केवळ बापाच्या नावावर भागवणाऱ्या कुटुंबांवर, आणि अनेक ज्यू कुटुंबांवर. ‘नाक्तखेबोरन’ तर १८११ च्या कितीतरी आधीच्या नोंदींत सापडते! आजोबांचे आडनाव नातवाने थट्टेखातर शोधले, असे मानायचे काय? नामशास्त्राचे अभ्यासक त्याचे मूळ जर्मन ‘नाखगेबोरन’मध्ये पाहतात : बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेले मूल. परका ‘नाख’ डच कानांनी ओळखीच्या ‘नाक्त’मध्ये बसवला, इतकेच. (आपणही पोर्तुगीजांकडून डचांचे नाव ऐकले आणि त्याचे ‘वलंदेज’ केले.)

‘पूप्येस’ या आडनावाचीही अशीच टिंगल होते. ‘पूप’ म्हणजे विष्ठा, हे खरेच. परंतु उत्तरेकडे हाच शब्द जर्मनीतून गवतकापणीला येणाऱ्या मजुरांना हिणवण्यासाठी वापरला जाई. सम्राटाला फसवणाऱ्या चतुर शेतकऱ्याची कथा कोणाला आवडणार नाही? पण तिच्यापायी एक पोरके मूल आणि एक परप्रांतीय मजूर यांना आपण विदूषक करून टाकतो, याचे भान व्युत्पत्ती शिकवणाऱ्यांना तरी असावे.

उरलेली यादी पाहा. ‘दे योंग’ म्हणजे धाकटा, ‘यानसन’ म्हणजे यानचा मुलगा, ‘दे फ्रीस’ म्हणजे फ्रीसलंडचा. २००७ च्या गणनेत हीच तीन आडनावे सर्वाधिक आढळली. यांत कसला विनोद? संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांच्या आडनावातला ‘डाइक’ म्हणजे समुद्राला अडवणारा बांध, आणि ‘स्ट्रा’ हा रहिवास सांगणारा फ्रिजियन प्रत्यय. कारकुनासमोर उभ्या राहिलेल्या फ्रीसलंडच्या माणसाने बहुधा असेच काही सांगितले : मी बांधाजवळचा.