अन्न आहे, दारापर्यंत कोण नेणार?

२६ जानेवारी २०२० रोजी राज्यात शिवभोजन योजना सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण व भात! नागपुरातील कष्टकऱ्यांनाही त्याचा आधार लाभला. परंतु जो अंथरुणाला खिळला आहे, त्याने केंद्रापर्यंत कसे जावे?

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते; जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तथापि, धान्य म्हणजे शिजलेले अन्न नव्हे. दिव्यांग मुलाच्या शुश्रूषेसाठी आई मजुरी सोडते; मग तेल, इंधन, औषधे कोठून यावीत? संजय गांधी निराधार अनुदानासाठी दिव्यांगत्वाचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी मुलाला रिक्षाने न्यायला पैसे हवेत.

धर्मग्रामांचे खरे कार्य येथे आहे. सणाला वाटलेला शिधा काही दिवसांत संपतो. रुग्णालयात सोबत जाणे, तहसील कार्यालयातील अर्ज भरून देणे, आई बाहेर असताना मुलाजवळ दोन तास बसणे, ही सेवा अधिक काळ टिकते. भुकेल्यास अन्न देणे हे दयेचे कृत्य होय. त्याचा हक्क त्याच्या हाती पोहोचविणे हा न्याय होय. एकाच्या नावाखाली आपण दुसऱ्याला विसरू नये.