पितृत्व रजेचे पंधरा दिवस कधी घ्यावेत?

फौजेतल्या माणसाला मूल झालं की लोक पेढा तोंडात टाकता टाकता विचारतात, "तेव्हा तुम्ही कुठे होतात?" आमच्या पिढीतल्या बहुतेकांचं उत्तर म्हणजे एखाद्या ठाण्याचं नाव. मोठी लेक 2011 साली झाली तेव्हा मी नियंत्रण रेषेवर होतो. बातमी युनिटच्या फोनवर आली, लंगरमध्ये शिरा झाला, आणि लेक प्रत्यक्ष बघितली ती चार महिन्यांची असताना. तक्रार अजिबात नाही. खडकवासल्याच्या फाटकातून आत शिरतानाच हे माहीत होतं.

धाकटा मात्र बेंगळुरूत झाला, पीस पोस्टिंगमध्ये, माझ्या वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. (लेकीने पहिले दोन महिने ही बातमी शाळेत कुणाला कळू दिली नाही.) दोन्ही बाजू बघितल्यामुळे एक मत बनलं आहे. ते सर्वस्वी वैयक्तिक आहे, पण तरुण अधिकाऱ्यांनी ऐकावं असं वाटतं. ज्याच्या घरी आधार आहे, त्याने पितृत्व रजेचे पंधरा दिवस बाळंतपणातच संपवून टाकू नयेत.

नियम असा. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 1997 पासून ही 15 दिवसांची रजा मिळते. हयात मुलं दोनपेक्षा कमी हवीत, आणि रजा प्रसूतीच्या 15 दिवस आधीपासून सहा महिन्यांच्या आत घ्यायची. मुदत टळली की रजा बुडाली. आपल्याकडेही पंधराचाच हिशेब. मग प्रत्येक जण तारखेच्या आसपास अर्ज टाकतो आणि बारसं उरकून परततो.

त्या पंधरा दिवसांत बाप करतो काय? औषधं आणतो, जन्मदाखल्याच्या कागदांवर सह्या करतो, पाहुण्यांना स्टेशनवरून आणतो. बाळ झोपलेलं असतं. सासूबाई "जावईबापू, तुम्ही जरा बाहेर बसा" म्हणतात. सिझेरियन झालं असेल किंवा घरात दुसरं माणूस नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मिळेल ती गाडी पकडून घर गाठावं, वाद नाही. पण आई, सासू, बहीण हजर असतील तर बापाचं खरं काम अजून सुरूच झालेलं नसतं.

ते सुरू होतं बाळ घराबाहेर पडायला लागतं तेव्हा. सव्वा महिना पाळल्यावर आमच्या चिरंजीवांची पहिली सहल सहा आठवड्यांच्या लशीसाठी झाली, त्यामुळे बाहेरच्या जगाविषयी त्याचं पहिलं मत फारसं चांगलं नव्हतं. दहा आणि चौदा आठवड्यांच्या फेऱ्यांनी ते पक्कं झालं. पुढे त्याला छातीशी बांधायच्या झोळीत घालून मी हलसूर तलावाकडे न्यायला लागलो. बाबागाडी घेतली होती, पण इथल्या फुटपाथवर ती चालवायची म्हणजे अडथळ्यांची शर्यतच. मद्रास सॅपर्सचा सगळा परिसर त्या तलावाला लागून आहे. पहिल्या दिवशी ओळखीच्या एका सुभेदार साहेबांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि मग त्यांना हसू आवरेना. महिन्याभरात तेच बाळाचे पाय चेपून वजनाचा अंदाज सांगायला लागले.

रविवारी हलसूर स्टेशनवरून मेट्रो. एम. जी. रोडपर्यंत गाडी पुलावरून धावते आणि तिथून कब्बन पार्ककडे जाताना जमिनीखाली शिरते. काचेबाहेरचा उजेड एकदम जातो. पहिल्यांदा पोरगा घाबरून माझा शर्ट धरून बसला. चौथ्या रविवारी अंधार व्हायच्या आधीच त्याने शर्ट पकडला. त्याला कळायला लागलं होतं! बाळाच्या वाढीच्या कुठल्याही तक्त्यात ही नोंद नसते. मान धरली, पालथा पडला, बसला, रांगला हे फोनवर कळवता येतं, व्हिडिओही येतो. चौथ्या रविवारी शर्ट पकडला हे फक्त ज्याचा शर्ट आहे त्यालाच कळतं, तेही आधीचे तीन रविवार तो सोबत असेल तर.

पुढे मॅजेस्टिकला गाडी बदलून लालबागेत जायला लागलो. तिथला खडक तीन अब्ज वर्षांचा. त्यावर केंपेगौडाच्या बुरुजाजवळ त्याला बसवलं, तर गृहस्थांना एका मुंगीखेरीज कशातही रस नव्हता. उष्टावण गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळाजवळ राहणाऱ्या नातलगांकडे झालं. संक्रांतीला आमच्या क्वार्टरमध्ये बोरन्हाण ठेवलं आणि शेजारच्या तेलुगू वहिनींना ते समजावून सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "हे तर आमचं भोगी पळ्ळु!" त्यांनी घरून आणखी बोरं आणली. कन्नड शेजाऱ्यांकडून एळ्ळु-बेल्ला आलं. इथे शहाजीराजांची जहागीर होती, मराठी माणूस या गावाला नवा नाही, पण बोरं वेचायला जमलेल्या पोरांना त्याच्याशी काय देणंघेणं!

आता हे सगळं फील्डमधल्या जवानाच्या हिशेबात मांडून बघा. साधारण आठव्या महिन्याच्या सुमाराला मूल अनोळखी माणसाला बघून रडायला लागतं. माझ्या पलटणीतला साताऱ्याकडचा एक हवालदार नेमका त्या वयात घरी गेला. परत आल्यावर हसत हसत सांगत होता, "साहेब, आठ दिवस पोरगं जवळ आलं नाही. माझा आवाज ऐकला की भोकाड. बायको म्हणाली, जरा ओसरीवर झोपा. नवव्या दिवशी आपणहून मांडीवर येऊन बसलं." किती दिवसांची सुट्टी होती, विचारलं. "दहा, साहेब." पलटणीतले सगळे हसले, तोही हसला. मी तेव्हा कंपनी कमांडर होतो, आणि ते गणित माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

म्हणून म्हणतो, मुदत सहा महिन्यांऐवजी मुलाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत न्यावी. दिवस पंधराच राहू देत. एकही जास्त मागत नाही. सरकारला जादा खर्च नाही, युनिटची माणसं जास्त दिवस बाहेर नाहीत, उलट कमांडरला रजा आखायला मोकळीक मिळते. बापाने ठरवावं, बाळंतपणाला हजर राहायचं की मूल ओळखायला लागल्यावर. वर्षाची रजा आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे, साठ दिवसांची. पण जवानाची ती रजा पेरणी, बहिणीचं लग्न, घराची गळती आणि कोर्टाची तारीख यांत वाटली गेलेली असते. आणि नियम बदलत नाहीत असंही नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये अधिकारी स्त्रियांसारखीच मातृत्व आणि बालसंगोपन रजा सैन्यदलांतल्या इतर हुद्द्यांवरच्या स्त्रियांनाही लागू झाली. ते होऊ शकलं, तर तारखेची एक ओळ बदलणं अवघड नसावं.

काही निवृत्त वाचक म्हणतील, आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? वाढवलीत, सर. खरं तर वहिनींनी वाढवली, आणि निरोपाच्या पार्टीत तुम्ही त्याबद्दल त्यांचे जाहीर आभारही मानलेत. त्या भाषणाला टाळ्या पडतात, मीही वाजवल्या आहेत. पण जिथे नाइलाज होता तिथली सवय, नाइलाज नसेल तिथेही अभिमानाने का मिरवायची? पीस पोस्टिंगमध्ये रविवारी सकाळी गोल्फला जाणाऱ्या, घरी सहा महिन्यांचं मूल असलेल्या कॅप्टनला मी हल्ली सरळ विचारतो, "मुलाला घेऊन कब्बन पार्कला गेलास का? रविवारी आत गाड्या बंद असतात."

माझी ऑर्डर आली आहे. दहा आठवड्यांनी पुन्हा फील्ड. चिरंजीव सोफ्याला धरून उभे राहतात, दोन पावलं आडवी टाकतात आणि बसतात. वीस दिवसांची रजा शिल्लक ठेवली आहे. लेकीने तारखा ठरवल्या आहेत आणि माझ्या कॅलेंडरवर लाल पेनने खुणा केल्या आहेत. तिच्या मते तो अकराव्या महिन्यात चालेल. बायको म्हणते, तेरावा.