तळ्याची हद्द सड्यावर ठरते

रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळा तापू लागला की जिल्ह्यातील वाड्यांवर टँकर फिरू लागतात. या विरोधाभासाची चर्चा दरवर्षी होते. धरणे अपुरी आहेत, जलवाहिन्या जुन्या झाल्या आहेत, गळती मोठी आहे, अशी कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत. मात्र पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीचे आपण काय करतो आहोत, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच येतो. शहरातील आणि शहराभोवतीची तळी वाचवण्याची भाषा अलीकडे सगळेच पक्ष बोलतात. परंतु तळे म्हणजे पाण्याच्या काठापर्यंतची जागा, अशी समजूत करून घेतली तर कोकणात एकही तळे वाचणार नाही.

याचे कारण इथल्या जांभ्यात आहे. रत्नागिरीच्या आसपासचे सडे वरून उजाड, काळपट दिसतात. पण जांभा हा सच्छिद्र दगड आहे. पावसाचे पाणी त्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून खाली उतरते, तळाशी असलेल्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. गावोगावच्या विहिरी, देवळांजवळची तळी आणि बारमाही पऱ्ये यांचे आयुष्य या झऱ्यांवर अवलंबून असते. शहराला पाणी देणारी शीळ आणि पानवल ही धरणे काय किंवा नाचण्याचा तलाव काय, त्यांचा पाणलोटही अशाच डोंगरउतारांवर पसरलेला आहे. पानवलचे पाणी उताराने येते, शीळचे पंपाने उचलावे लागते. वीजबिलाचा हिशेब मांडणाऱ्यांना या फरकाचे मोल ठाऊक आहे.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. शहराची हद्द लहान आणि तीन बाजूंनी समुद्र व खाड्यांनी आवळलेली. त्यामुळे वाढ झाली ती पूर्वेकडे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि स्थानकाकडे जाणारा रस्ता हाच नव्या वस्तीचा कणा ठरला. कुवारबाव, नाचणे, मिरजोळे, शिरगाव, खेडशी ही नावाला गावे उरली. तिथे आज इमारती आहेत आणि कारभार ग्रामपंचायतींचा आहे. नगर परिषद ज्या पाण्यावर जगते त्याच्या पाणलोटात बांधकामाची परवानगी देताना तिला कोणी विचारत नाही, आणि ज्यांना विचारले जाते त्यांच्यावर शहराच्या पाण्याची जबाबदारी नाही.

सड्यावरची जमीन बिल्डरला सोयीची असते. ती सपाट असते, तीवर भातशेती नसते आणि महसुली दप्तरात तिची नोंद बहुधा पडीक किंवा पोटखराबा अशी असते. जिला काहीच किंमत नाही अशी जमीन बांधकामाला द्यायला कोण हरकत घेणार? कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली तेव्हा या सड्यांकडे प्रथमच आदराने पाहिले गेले. तोवर ते चिरेखाणींचे आगरच मानले जात होते. बांधकाम आले की आधी कातळ फोडला जातो, मग आवारात काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक पसरतात आणि मुरणारे पाणी गटाराने थेट खाडीची वाट धरते. पाठोपाठ बोअरवेल येते आणि तिच्या शेजारीच शौचालयाची टाकी. जांभ्याच्या ज्या गुणामुळे पाऊस लवकर मुरतो त्याच गुणामुळे टाकीतले पाणीही लवकर मुरते आणि पायथ्याच्या विहिरीत उतरते. भुयारी गटार नसलेल्या वस्तीत हा धोका तर घराघराला भेडसावतो. सड्यावर इमारत उभी राहिल्यानंतर चार-पाच वर्षांत खालची विहीर आटली किंवा तिच्या पाण्याला वास येऊ लागला, तर त्या दोन गोष्टींचा संबंध जोडणारे कोणतेही खाते आपल्याकडे नाही.

कायद्याचा आधार मिळेल, अशी अनेकांची अपेक्षा असते. २०१०च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत तलाव आणि जलाशय यांचाही समावेश होता. २०१७च्या नव्या नियमांनी ती आखडली. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय आणि सिंचन, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणुकीसाठी केलेली बांधकामे तीतून वगळण्यात आली. म्हणजे शीळ आणि पानवल आपोआपच बाहेर! नागपूरच्या फुटाळा तलावाच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. मानवनिर्मित असल्याने फुटाळा या नियमांनुसार पाणथळ ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते, असेही न्यायालयाने नमूद केले खरे. तथापि तत्त्वाच्या आधारे न्यायालयात दाद मागता येते. तहसील कार्यालयात अकृषिक परवानगीची फाइल अडवायला मात्र नकाशावरची रेषाच लागते.

ही रेषा न्यायालयाने आखून द्यावी, हा आग्रहही फसवा आहे. बंगळुरूचे उदाहरण पाहावे. तेथील तलावांभोवती ७५ मीटरपर्यंत बांधकाम नको, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१६ मध्ये दिला. शहराच्या विकास आराखड्यात ३० मीटरची तरतूद असताना न्यायाधिकरणाला ती बदलता येणार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये तो रद्द केला. हैदराबादची कथा वेगळी आहे. तेथे १९९६च्या शासन आदेशाने उस्मानसागर आणि हिमायतसागर या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांभोवती १० किलोमीटरपर्यंत बांधकामांवर निर्बंध घातले गेले. देशात पाणलोटाचा इतका स्पष्ट विचार करणारे आदेश थोडेच असतील. पण ८४ गावांतील शेतकरी पाव शतक शेजारच्या जमिनींचे भाव चढताना पाहत राहिले, त्यांना मोबदला काहीच मिळाला नाही, आणि २०२२ मध्ये सरकारने तो आदेश मोडीत काढला. दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच शहरात तळ्यांतील बांधकामे पाडण्यासाठी ‘हायड्रा’ नावाची स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली.

जमीनमालकाच्या तक्रारीला तुच्छ लेखून निर्बंध टिकत नाहीत, हे रत्नागिरी जिल्ह्याला दूर जाऊन शिकण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. त्यानंतर निळ्या आणि लाल पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला तेव्हा पुरात सर्वस्व गमावलेल्या नागरिकांनीच विरोध केला. आधी नद्यांतला गाळ काढा, मग आमच्या घरांवर रेषा मारा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते. गावठाणातली पिढीजात घरे रेषेत आल्याने त्यांची पुनर्बांधणी अडणार आणि वरच्या डोंगरांवरची तोड व खोदाई तशीच चालू राहणार, हा न्याय कोणालाच पटणार नाही. दुसरीकडे, रेषाच नसल्या तर काय होते ते नागपूरने २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाहिले. चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी घरांत शिरली. सांडव्याजवळ उभारलेल्या स्मारकाचा वाद पुढे उच्च न्यायालयात गेला.

आपल्या नगरपालिकांना मात्र तलावरक्षण म्हणजे सुशोभीकरण वाटते. तळ्याभोवती काँक्रीटचा कठडा, पदपथ, रंगीत दिवे आणि शक्य असल्यास कारंजे. ठेकेदाराला हे काम आवडते, छायाचित्र चांगले येते आणि उद्घाटनाला मंत्री मिळतो. कठड्यामुळे आजूबाजूचे पाणी तळ्यात येणे बंद झाले तरी त्याचे छायाचित्र निघत नाही.

रत्नागिरीत अजून वेळ आहे, कारण शहराभोवतीचे बरेच सडे मोकळे आहेत. करायचे काम फारसे झगमगीत नाही. शीळ, पानवल आणि नाचणे यांचा पाणलोट सर्व्हे क्रमांकांसह नकाशावर आणला पाहिजे आणि तो प्रादेशिक योजनेत व विकास आराखड्यात बंधनकारक केला पाहिजे. सगळ्याच सड्यांवर बंदी घालण्याचे कारण नाही. जिथून झरे निघतात तो उतार आणि त्यावरचा कातळ मोकळा राहिला, उरलेल्या भागात विरळ बांधकाम झाले आणि सांडपाण्याची सामाईक व्यवस्था झाली तर पुष्कळ साधेल. ज्यांची जमीन अडकेल त्यांना हस्तांतरणीय विकास हक्क देण्याचा पर्याय कागदावर सोपा आहे. पण छोट्या शहरात त्या हक्काला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. म्हणून पाणीपट्टीतून किंवा राज्याच्या निधीतून रोख मोबदला देण्याची तयारी ठेवावी लागेल. धरणाच्या भिंतीवर पैसा खर्च होऊ शकतो तर धरणात पाणी आणणाऱ्या जमिनीवर का नाही?

हे करणार कोण, हा खरा पेच आहे. नगर परिषदेची मुदत २०२१च्या अखेरीस संपल्यावर जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली. दरम्यान मार्च २०२४ मध्ये कोकण किनाऱ्यावरील १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याची अधिसूचना निघाली आणि ग्रामपंचायतींचा अधिकार हिरावला जात असल्याची ओरड झाली. नगर परिषद, ग्रामपंचायती, जिल्हाधिकारी आणि हे प्राधिकरण यांपैकी पाणलोटाचा नकाशा कोणी करायचा हेच ठरलेले नाही. नव्या सभागृहाने शेजारच्या ग्रामपंचायतींसह एकत्र बैठक बोलावून तो तयार करण्याचा ठराव केला, तर त्याला कोणत्याही न्यायालयाची किंवा मंत्रालयाची परवानगी लागत नाही. भूमापनाचे काम पावसाळा सुरू होण्यापूर्वी उरकावे लागते, कारण सड्यांवर गवत वाढले की झऱ्यांच्या जागा दिसेनाशा होतात.