कॉलेजचा कबड्डी संघ यंदा कुठपर्यंत जाईल? एका डॉक्टरचा अंदाज

या ब्लॉगवर तुम्ही नेहमी मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड वाचता. आज कबड्डीबद्दल लिहितोय. फिरून दवाखान्यातच येणार आहे, काळजी नसावी.

नवी मुंबईत खेळ म्हटलं की नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आठवतं. २ नोव्हेंबर २०२५ला आपल्या मुलींनी तिथे क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा माझ्या सोसायटीत मध्यरात्रीनंतर फटाके वाजत होते. पण या शहराच्या मुळाशी जी गावठाणं आहेत, घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, करावे, त्यांचा जुना खेळ कबड्डी. शहर वसण्याआधीपासून इथली आगरी-कोळी पोरं मातीत दम घुमवत आली आहेत. त्यातलीच काही पुढे कॉलेजच्या संघात येतात.

असा एक संघ मी गेली सात-आठ वर्षं जवळून पाहतोय. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे खेळाडूंच्या तब्येतीबद्दल लिहिणार आहे. त्यांना विचारून लिहितोय, तरीही नावं नकोत.

आधी संघाविषयी. यंदा पकडी चांगल्या आहेत. डावा कोपरा सांभाळणारा मुलगा घोट्याची पकड इतकी स्वच्छ घेतो की चढाईपटूला आपण धरले गेलोय हे उशिरा कळतं. उजवा कोपरा वजनदार आहे (त्याच्या वजनाकडे पुन्हा येऊ). मध्यरक्षक दोघेही जुने, एकमेकांचा हात सोडत नाहीत. कमतरता चढाईत आहे. बोनस घेणारे तिघे आहेत, पण तिसऱ्या, निर्णायक चढाईला पाच-सहा जणांत घुसून गुण आणणारा एकच. तो सध्या खेळत नाही. म्हणजे तुम्ही मला विचारलंत की हा संघ यंदा मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कुठवर जाईल, तर माझं उत्तर एका गुडघ्यावर अवलंबून आहे.

त्या गुडघ्याच्या गोष्टीत माझाही दोष आहे.

दरवर्षी जूनअखेर कॉलेजचे क्रीडाशिक्षक फॉर्मचा गठ्ठा घेऊन येतात. मुलांचा संघ बारा, मुलींचा बारा, असे चोवीस फॉर्म. "डॉक्टर, तेवढ्या सह्या करून द्या, प्रवेशिकेला जोडायच्यात." फॉर्मवर एकच ओळ असते, की सदर खेळाडू स्पर्धेसाठी तंदुरुस्त आहे. गेल्या वर्षी बाहेर पेशंटची रांग होती. मी मुलांना दारातूनच पाहिलं, "काही त्रास नाही ना रे?" विचारलं, त्यांनी एका सुरात "नाही" म्हटलं आणि मी चोवीस शिक्के मारले. चहा थंड व्हायच्या आत काम झालं.

या चढाईपटूचा गुडघा मे महिन्यात गावच्या स्पर्धेत मुरगळला होता. सूज आली, तेल-मालीश झाली, आठवड्याने उतरली. त्यानंतर जिना उतरताना गुडघा मधूनच "निसटल्यासारखा" वाटायचा. हे त्याने घरी सांगितलं नाही, सरांना सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. सप्टेंबरमध्ये उपांत्य फेरीच्या आदल्या सरावात पाय रोवून वळताना तो कोसळला. एमआरआयमध्ये दिसलं की पुढचा क्रूसबंध पूर्ण तुटलेला आणि सोबत गादीही फाटलेली. बंध बहुधा मे महिन्यातच तुटला असणार. गादी मात्र नंतर फाटली, माझी सही झाल्यावर.

हा क्रूसबंध, तुमच्या ऐकण्यात 'एसीएल' म्हणून असेल, मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवतो. नडगी पुढे सरकू नये आणि पिळू नये हे त्याचं काम. कबड्डीत नेमकं हेच होतं. घोटा कोणीतरी धरलेला, पंजा मॅटला चिकटलेला आणि धड मध्यरेषेकडे वळलेलं. सगळा पीळ गुडघ्यात येतो. आतून 'टक्' असा आवाज आला आणि काही तासांत गुडघा टम्म सुजला, तर तो साधा मुरगळा नाही असं धरून चाला. सूज उतरली म्हणजे बंध जुळला असंही नाही. टेबलावर झोपवून, गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहायला मिनिटही लागत नाही. ते मिनिट मी दिलं नाही.

मोठ्या संघांचंही गणित एका गुडघ्याने बिघडतं. १ मार्च २०२४ला पुणेरी पलटणने प्रो कबड्डी जिंकली, कर्णधार आपल्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्याचा अस्लम इनामदार. पुढच्याच हंगामात तो गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि गतविजेता संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. २०२५मध्ये तो कर्णधार म्हणून परतला, पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली. म्हणजे परत येता येतं. प्रश्न कधी, एवढाच असतो.

आपल्या चढाईपटूची शस्त्रक्रिया ऑक्टोबरअखेर झाली. जुलैअखेर नऊ महिने होतील. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांचा २०१६चा एक अभ्यास सांगतो की मैदानावर परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवाल, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण निम्म्याने कमी होतं. पण नुसती महिन्यांची मोजणी पुरत नाही. मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी, दोन्हींत दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवा. गेल्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने मोजलं, उडी ७८ टक्के.

आता उजव्या कोपऱ्याकडे. प्रौढ गटात पुरुषांना ८५ किलो आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा असते. हा पठ्ठ्या ८९वर आहे. मागच्या वेळी त्याने काय केलं, तर दोन दिवस जेवण बंद, आदल्या दिवशी पाणी बंद, आणि रेनकोट घालून पाम बीच रोडवर पळाला. वजन भरलं, पण दुसऱ्या डावात दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. त्याला वाटतं हा गमतीचा किस्सा आहे. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर अशाच पद्धतीने वजन उतरवताना दगावले. रबरी सूट, गरम खोली, पाणी बंद. त्यानंतर तिथे नियम बदलले आणि असले सूट बंद झाले. आपल्याकडे रेनकोट कोणी बंद करणार नाही, तेव्हा आईवडिलांनीच तो लपवावा! चार किलो दीड-दोन महिन्यांत सहज उतरतात. रात्रीचा वडापाव आणि शीतपेय सोडलं तरी अर्धं काम होतं. भाकरी, डाळ, अंडी, मासे सोडू नका.

आणि आपली हवा विसरू नका. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर उन्हाने १४ माणसं गेली, तेव्हापासून उन्हाचं भय लोकांना कळलं. पण पावसाळ्यातल्या बंद हॉलचं कळत नाही. हवेत इतकी वाफ असते की घाम गळतो पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. सुट्टीनंतरचे पहिले आठ-दहा दिवस सराव हलका ठेवा, मध्ये मध्ये पाणी द्या. लघवी चहासारखी काळसर झाली तर सराव थांबवून सरळ रुग्णालयात जा. स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असू शकते.

मुलींचा संघ यंदा मुलांपेक्षा पुढे जाईल असं मला वाटतं. चपळ आहेत, आणि हरताना एकमेकींवर ओरडत नाहीत. पण रक्त तपासलं तेव्हा बारापैकी सात जणींचं हिमोग्लोबिन १२च्या खाली निघालं, एकीचं तर ८.९. ती सगळ्यात उत्तम चढाई करते. "दुसऱ्या डावात दम लागतो," एवढंच म्हणायची आणि सर तिला जास्त पळायला लावायचे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा आश्चर्य नाही. तिला लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात, पाळीत जास्त रक्त जातं त्याचीही तपासणी चालू आहे. गोळी चहासोबत घेऊ नका हे तिला तीनदा सांगितलं. तुम्हालाही सांगतो.

गजकर्णाबद्दल दोनच वाक्यं. एकाच मॅटवर घामेजलेली अंगं घासतात, त्यामुळे संघात एकाला झालं की चौघांना होतं. मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावू नका, त्याने खाज थांबते आणि बुरशी पसरते.

डोक्याला डोकं आपटून क्षणभर जरी भान हरपलं, उलटी झाली किंवा 'कितवी चढाई' हे आठवेना, तर त्या दिवशी खेळ संपला. यावर मी सरांशीही वाद घालत नाही.

यंदा फॉर्म आले तेव्हा मी गठ्ठा ठेवून घेतला आणि सगळ्यांना दोन रविवारी सकाळी बोलावलं. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, पळताना चक्कर येते का, छातीत दुखतं का, हे विचारलं. हृदय ऐकलं, गुडघे ओढून पाहिले. तुमचा मुलगा किंवा मुलगी असा फॉर्म आणेल तेव्हा डॉक्टरांकडे हीच पंधरा मिनिटं मागा. फी द्या, पण मागा.

तर माझा अंदाज असा. मुली अंतिम फेरीत जातील. मुलं उपांत्य फेरीपर्यंत, आणि चढाईपटू वेळेत परतला तर त्याच्या पुढे. सर रोज फोन करतात. तोही काल येऊन गेला, "डॉक्टर, ऑगस्टमध्ये शेवटचं वर्ष आहे माझं." पुढची उडीची चाचणी १ ऑगस्टला आहे. तेवीस फॉर्म मी सह्या करून दिलेत. चोविसावा माझ्या टेबलाच्या खणात आहे.