बंब येईपर्यंत गावाने काय करायचे?

किनवट तालुक्यातल्या इस्लापुरात स्वयंसेवी अग्निशमन दल असावे, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला: आग विझवणे सरकारचे काम, ते गावाच्या गळ्यात कशाला? ऐकायला हे रास्त वाटते. पण कायद्याची पाने उलटून पाहा. 74व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या यादीत घातली. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. वाचनालय आहे, आठवडी बाजार आहे, आग नाही. जणू कडब्याची गंजी शहरातच पेटते!

उलट 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम 79 असे सांगते की, राखीव वा संरक्षित जंगलात ज्यांना चराईचे, सरपणाचे हक्क आहेत, त्यांनी वणवा विझवायला हात दिलाच पाहिजे. न दिल्यास शिक्षा. किनवट तालुक्यातल्या सागाच्या आणि बांबूच्या जंगलालगत राहणाऱ्या माणसाच्या गळ्यात हे काम कायद्यानेच आहे. हातात मात्र हिरव्या फांदीपलीकडे फारसे काही आलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस असतो. बंबाशिवाय ही पोरे काय दिवे लावणार? याचे उत्तर आग कशाची आहे यावर अवलंबून आहे. काढणीनंतर सोयाबीनची गंजी पेटली, तर ती बहुधा वाचत नाही, दलाने वाचवण्याची ती वस्तूही नव्हे. वाचवायची असते शेजारची गंजी, गोठा आणि दाव्याला बांधलेली जनावरे. घरात साठवलेला कापूस पेटला की नुसते पाणी ओतून भागत नाही. वरून विझलेला ढीग आत धुमसतो आणि रात्री पुन्हा भडकतो. तो ओढून, फोडून, पसरून विझवावा लागतो. ठिणगी विजेच्या तारेची असेल, तर आधी लाईनमनला गाठून डीपीवरून प्रवाह बंद करून घ्यायचा, पाण्याला हात मग. आणि वणव्यात बंबाचा उपयोग तरी किती? तिथे चाक जातच नाही. तिथे लागते उन्हाळ्याआधी काढलेली जाळरेषा, पाला उडवणारे ब्लोअर, वाऱ्याची दिशा ओळखणारे डोळे. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तिथे पाला झाडून काढा हे सांगायला तर गावचाच माणूस हवा. बाहेरच्या साहेबाचे कोण ऐकतो?

साहित्याचे रडगाणेही पुरे झाले. फवारणीचे पंप घरोघरी आहेत, ट्रॅक्टरला जोडायचे पाण्याचे टँकर आहेत. नाही ती फक्त यादी: टँकर कुणाचा, भरलेला कुठे उभा, चालवणार कोण, रात्री फोन कुणाला.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांविषयीचा: चार दिवस उत्साह, मग गटबाजी. भीती खोटी नाही. गणेश मंडळे फुटताना आपण पाहतोच. पण स्वयंसेवक म्हणजे हौशी, हा समज चुकीचा आहे. चिलीत 1851 साली वाल्पाराइसो बंदरात पहिले स्वयंसेवी दल उभे राहिले, आणि आजही त्या देशात आग विझवणारे बिनपगारीच असतात. जर्मनीत बहुसंख्य अग्निशामक स्वयंसेवक आहेत. ही दले उत्साहावर नव्हे, सरावावर टिकली. आपल्याकडेही संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आहेत, आणि वन राखणाऱ्या समित्यांना संत तुकाराम वनग्राम योजनेत बक्षिसेही मिळतात. म्हणजे बी पेरलेले आहे.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. पोरगा भाजला, तर त्याच्या घरचे कोण पाहणार? विमा, हातमोजे, बूट आणि प्रशिक्षण यांची सोय नसताना कुणाला आगीत लोटणे हा गुन्हाच आहे. म्हणून स्वयंसेवी दल म्हणजे सरकारला सुटका, असे कुणी समजू नये. दल उभे करायचे आणि त्याच तोंडाने बंबही मागायचा. सहस्रकुंड धबधब्याच्या परिसरातल्या आपल्या गावांना बंबासाठी किनवटच्या रस्त्याकडे डोळे लावून बसवणे अन्यायाचेच आहे.

दरवर्षी 14 ते 20 एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. त्यातले एक प्रात्यक्षिक इस्लापूरच्या बाजारात व्हावे. त्याआधी, वणव्याचा हंगाम लागण्यापूर्वी, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत दलाचा, विम्याचा आणि बंबाच्या मागणीचा असा एकच ठराव मांडा, आणि यादीत पहिले नाव आपले लिहा.