सॅम्पल नीट, तर रिपोर्ट नीट

आपली पिढी सगळं घरपोच मागवते. पिझ्झा, किराणा आणि आता आई-बाबांच्या ब्लड टेस्टसुद्धा! ऑफिसात बसून बुकिंग, सकाळी सातला लॅबचा माणूस दारात, संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर. झक्कास! पण त्याच रिपोर्टवर आजीच्या गोळ्या ठरतात. आणि गंमत म्हणजे बऱ्याच चुका मशीनमध्ये होतच नाहीत, त्या आधीच, सॅम्पल घेताना होऊन जातात. म्हणून आजी-आजोबा घरी असोत की वृद्धाश्रमात, या दहा मिनिटांकडे लक्ष हवंच.

सुरुवात नावापासून. 'कुलकर्णी आजोबा ना?' असं विचारलं, की कमी ऐकू येणारे आजोबा कशालाही मान डोलावतात. वृद्धाश्रमात दोन कुलकर्णी असले, की झालाच घोळ! त्यापेक्षा 'पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा' म्हणायचं. विसराळूपणाचा आजार असेल तर उत्तर घरच्यांनी किंवा केअरटेकरने द्यायचं. आणि ट्यूबवर लेबल लावायचं ते रक्त घेतल्यावर लगेच, पेशंटसमोरच. खिशात टाकून 'लॅबमध्ये लावतो' हे चालणार नाही.

मग त्या रंगीत झाकणांच्या ट्यूब. ती फॅशन नव्हे बरं का! जांभळ्या झाकणाखाली ईडीटीए असतं, राखाडीत साखर टिकवणारं फ्लोराइड. जांभळीतलं थोडंसं रक्त जरी दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं, तरी पोटॅशियम उगाचच जास्त आणि कॅल्शियम कमी दिसू शकतं. दंडाला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त आवळून ठेवला, मूठ पुन्हा पुन्हा उघड-मीट करायला लावली किंवा ट्यूब खडखडून हलवली, तरी पोटॅशियम फसवं येतं. आणि मग रात्री अकराला सगळं घर टेन्शनमध्ये!

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. सुई काढल्यावर हात कोपरात दुमडायचा नाही, सरळ ठेवून कापूस दाबून धरायचा, रक्त थांबेपर्यंत.

लघवीच्या सॅम्पलचा फंडा सोपा आहे. स्वच्छ धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत. दोन तासांत लॅबला पोचवा, जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. कॅथेटर असेल तर पिशवीतली साठलेली लघवी कल्चरला मुळीच देऊ नका. आणखी एक. म्हातारपणी काही त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडू शकतात. म्हणजे लगेच अँटिबायोटिक लागतंच असं नाही. ताप, जळजळ आहे का, ते डॉक्टरांना सांगा.

शेवटी सुरक्षितता. हात स्वच्छ, ग्लोव्हज नवे, सुई तुमच्यासमोर फोडलेली. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावणं म्हणजे बोटाला टोचून घ्यायला आमंत्रण. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनुसार ती न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यातच जायला हवी. तुमच्या डस्टबिनमध्ये टाकलीत, तर उद्या ती कचरा वेचणाऱ्या मावशींच्या हातात घुसेल.

आणि रिपोर्ट भलताच आला तर? नेटवर शोधाशोध नको. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि विचारा, 'सॅम्पल पुन्हा द्यायचं का?'