शाळेची सत्ता आणि शाळेचा पैसा

न्यू जर्सी राज्यातील एडिसन या गावी घर विकत घेऊ पाहणारा मराठी गृहस्थ खोल्या किती, अंगण केवढे आणि स्वयंपाकघरात उजेड कोणत्या बाजूने येतो याची चौकशी नंतर करतो. ते घर कोणत्या शाळेच्या हद्दीत पडते हे तो आधी विचारतो, आणि ती हद्द नावाजलेल्या शाळेची असेल तर तशाच बांधणीच्या दुसऱ्या घरापेक्षा चार पैसे अधिक मोजण्याची मनाची तयारी करूनच आलेला असतो. त्याच्या या व्यवहारचातुर्याला नावे ठेवण्याचे मला काही प्रयोजन नाही. पोटच्या पोरांसाठी जे कोणीही करील तेच तो करतो. परंतु ज्या व्यवस्थेमुळे शाळा ही घराच्या किमतीत मुरलेली वस्तू होऊन बसते, ती व्यवस्था रचली कशी, चालते कशी आणि तिच्यातले घेण्याजोगे काय व टाकण्याजोगे काय, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. अमेरिकेतील शाळांचे कौतुक करणारे तेथील मैदाने आणि ग्रंथालये वर्णन करतात, निंदा करणारे बंदुकांची गोष्ट काढतात. या दोहोंच्या मधे जे दप्तर आहे, जो कारभार आहे, तिकडे सहसा कोणाची दृष्टी जात नाही.

तिकडे ज्याला ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात त्याचा आपल्या महसुली जिल्ह्याशी काही संबंध नाही. तो शिक्षणापुरता तोडून काढलेला एक स्वतंत्र इलाखा असतो. त्याला स्वतःची सरहद्द, बहुधा लोकांनी निवडलेले मंडळ, स्वतःचा खजिना आणि बहुतेक राज्यांत कर बसवण्याचा स्वतःचा अधिकार असतो, आणि गावच्या मेयरचा हुकूम त्याच्यावर सामान्यतः चालत नाही. मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेचा वारसा सांगत १९५४ साली थॉमस एडिसनचे नाव धारण केलेल्या या सुमारे एक लाख वस्तीच्या उपनगरात प्राथमिक शाळांतून मुले चार मिडल स्कूलांत आणि तेथून दोन हायस्कुलांत जातात. सोळा हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांचा हा सगळा पसारा नऊ सभासदांच्या शिक्षण मंडळाच्या अखत्यारीत असतो. सभासदांची मुदत तीन वर्षांची. दर नोव्हेंबरात त्यांतल्या तीन जागांची निवडणूक होते, त्यामुळे सारे मंडळ एकदम पालटत नाही आणि जुन्या कारभाराची माहिती असलेली माणसे नेहमीच त्यात उरतात. या कामाबद्दल त्यांना वेतन मिळत नाही.

आता या मंडळाने शाळा स्वतः चालवाव्यात अशी अपेक्षा नाही, हे या रचनेतले खरे शहाणपण. धोरण ठरवणे, अंदाजपत्रक मंजूर करणे आणि सुपरिंटेंडेंट नावाचा मुख्य अधिकारी नेमणे, एवढे मंडळाचे काम. पुढचा रोजचा कारभार त्या अधिकाऱ्याचा. न्यू जर्सीच्या कायद्याने सुपरिंटेंडेंटला मंडळाच्या बैठकीत आसन दिले आहे, बोलण्याचा हक्क दिला आहे, मत मात्र दिलेले नाही. आणि त्याच कायद्याने असेही ठरवून टाकले आहे की, त्याची शिफारस असल्याखेरीज मंडळाला एकाही शिक्षकाची नेमणूक किंवा बदली करता येऊ नये. निवडून आलेल्याने भाच्याला चिकटवू नये आणि पगारी अधिकाऱ्याने मालक होऊन बसू नये, असा हा दुहेरी बंदोबस्त आहे. खाजगी अनुदानित संस्थांतील शिक्षक-भरतीचे किस्से ज्यांनी ऐकले आहेत, त्या मराठी वाचकांना या तरतुदीचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. शिक्षकांच्या नोकरीला कायद्याचे संरक्षण देण्यात हे राज्य १९०९ सालीच देशात पहिले ठरले होते. सुपरिंटेंडेंटचे तसले संरक्षण मात्र १९९१ साली काढून घेण्यात आले आणि तेव्हापासून तो मुदतीच्या करारावर राबतो. शिक्षक निश्चिंत आणि साहेब टांगणीवर, हा प्रकार आपल्याकडील दप्तरांत पाहायला मिळणे कठीण.

परंतु मला सर्वांत अधिक हेवा वाटतो तो त्यांच्या सभेचा. १९७५ च्या एका कायद्यान्वये तेथील प्रत्येक सार्वजनिक मंडळाला आपली सभा उघड्या दाराने भरवावी लागते, आगाऊ वर्दी द्यावी लागते, आणि शिक्षण मंडळाला तर उपस्थित नागरिकांना बोलूही द्यावे लागते. वसंत ऋतूत अंदाजपत्रकाची जाहीर सुनावणी होते. त्या वेळी बसगाड्यांचा खर्च का वाढला, संगीताचा शिक्षक का कमी केला, गळके छप्पर यंदाही का राहिले, हे प्रश्न मुलांचे आईबाप आणि मुलेच नसलेले म्हातारे करदातेही उभे राहून विचारतात. या प्रश्नांत पुष्कळ कंटाळवाणे, काही आचरट आणि एखाददुसरा मर्मभेदी असतो. लोकशाहीचा रोजचा आहार असाच असतो. मालमत्तेवरील कर दरवर्षी सामान्यतः दोन टक्क्यांहून अधिक वाढवता येणार नाही असा निर्बंध राज्याने २०१० साली घातला; त्यापलीकडे जायचे असेल, किंवा कर्ज काढून इमारत बांधायची असेल, तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. घरमालकाच्या हाती पडणाऱ्या करपत्रात गावाचा हिस्सा, काउंटीचा हिस्सा आणि शाळेचा हिस्सा वेगवेगळा मांडलेला असतो, आणि त्यांत शाळेचा हिस्सा बहुधा निम्म्याच्या घरात वा त्याहून अधिक भरतो. आपण शाळेसाठी किती मोजतो हे ज्याला कळते, तो शाळेचा हिशेब मागतो.

या परंपरेची मुळे खोल गेलेली आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४७ सालीच पन्नास घरांच्या गावाने शिक्षक नेमलाच पाहिजे असा दंडक घातला होता. पुढे वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली तसतशी प्रत्येक वाडीला स्वतःची शाळा, स्वतःचे पंच आणि स्वतःची वर्गणी मिळत गेली. १९४० च्या सुमारास देशात असे एक लाखाहून अधिक इलाखे होते. त्यांचे एकत्रीकरण होत होत आज ते तेरा हजारांच्या आसपास उरले आहेत. केंद्र सरकारचा शालेय खर्चातला वाटा साधारण दहाव्या हिश्शाएवढाच. बाकीचा भार राज्य आणि स्थानिक कर यांनी वाहायचा.

इथवर सारे रम्य आहे. पण ज्या हद्दीच्या आत हे स्वराज्य नांदते, त्या हद्दीवरच एकदा उभे राहून पाहावे. एडिसनच्या पोटात मेटचेन नावाचे लहानसे गाव आहे. १९०० साली ते वेगळे निघाले, चहूकडून एडिसनने वेढलेले आहे, तरी त्याचे मंडळ वेगळे, सुपरिंटेंडेंट वेगळा, हायस्कूल वेगळे. ही झाली निरुपद्रवी हौस. परंतु रॅरिटन नदीच्या पलीकडे न्यू ब्रन्सविक आहे, तेथे गरिबांची वस्ती दाट आहे, आणि नदी ओलांडून एडिसनच्या शाळेत मूल घालण्याचा हक्क तेथील आईला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी हमीच्या कर्जांवर जी उपनगरे उभी राहिली, त्यांतली कित्येक काळ्या कुटुंबांना उघडपणे बंद होती. शाळेची सरहद्द ही त्या बंद दाराला नंतर लाभलेली कडी होय.

ज्या करावर शाळा चालते तो घरांच्या किमतीवर बसत असल्यामुळे, या हद्दीचा हिशेब कसा क्रूर होतो याचा दाखला टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराने दिला. १९६७-६८ साली तेथील एजवूड या गरीब, मुख्यतः मेक्सिकन वस्तीच्या इलाख्यातले लोक दर शंभर डॉलर मालमत्तेमागे एक डॉलर पाच सेंट कर भरत आणि त्यातून दर मुलामागे सव्वीस डॉलर हाती येत. त्याच शहरातल्या अलामो हाइट्स या श्रीमंत इलाख्यात कर पंच्याऐंशी सेंटच असे आणि हाती मात्र दर मुलामागे तीनशे तेहेतीस डॉलर येत. गरिबाने जास्त भरावे आणि त्याच्या मुलाला कमी मिळावे, असा हा न्याय. एजवूडच्या पालकांची फिर्याद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मार्च १९७३ मध्ये ती पाचास चार मतांनी फेटाळली गेली आणि शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने हमी दिलेला मूलभूत हक्क नाही, असे ठरले. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात, शहरातल्या काळ्या मुलांचे वेगळेपण मोडण्यासाठी भोवतालचे त्रेपन्न उपनगरी इलाखे त्या योजनेत सामील करून घेण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेशही पाचास चार मतांनीच रद्द झाला. १९५४ साली शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या न्यायालयाने वीस वर्षांनी नगराच्या वेशीपाशी येऊन पाऊल थांबवले. या सरहद्दीचा पहारा आजही जागता आहे. ओहायोतील ॲक्रनच्या एका मातेने वडिलांचा पत्ता दाखवून मुलींना शेजारच्या उपनगरी शाळेत घातले, म्हणून २०११ साली तिला खोट्या कागदपत्रांबद्दल दोषी धरण्यात आले आणि काही दिवस तुरुंगात काढावे लागले.

न्यू जर्सीने या बाबतीत थोडीबहुत लाज राखली, हे नमूद केले पाहिजे. त्या राज्याच्या घटनेत सर्व मुलांना ‘सांगोपांग व कार्यक्षम’ शिक्षण देण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. टेक्सासचा निकाल लागून दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दांचा आधार घेऊन, केवळ मालमत्ता-कराच्या भरवशावर मुलांचे नशीब सोडणे राज्यघटनेला धरून नाही, असा निवाडा दिला. विधिमंडळाने पैशाची तजवीज करण्यात चालढकल केली, तेव्हा न्यायालयाच्या हुकमाने १ जुलै १९७६ रोजी शाळांचे दरवाजे बंद झाले. आठवडाभरात राज्याचा पहिला स्थायी प्राप्तिकर मंजूर झाला. पुढे ॲबट नावाच्या खटल्याच्या मालिकेतून न्यू ब्रन्सविकसह एकतीस गरीब इलाख्यांना श्रीमंत उपनगरांच्या तोडीचा पैसा राज्याने द्यावा, असे आदेश निघाले. पैसा आला, हद्द मात्र तशीच राहिली. सुमारे सहाशे इलाख्यांची ती खातेफोड मोडण्याची छाती तेथील कोणत्याही गव्हर्नरला झालेली नाही. मेरीलँड राज्यात याच कामाला चोवीस इलाखे पुरतात, आणि त्यांतल्या मॉन्टगोमेरी काउंटीच्या एकाच इलाख्यात श्रीमंत उपनगर व मजुरांची वस्ती एकाच खजिन्यावर चालतात. लहान हद्दीवाचून लोकशाही नांदत नाही हा युक्तिवाद त्यामुळे मला पटत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्यात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखलेला असे. रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणाकडे वळतो, ही जोतीराव फुल्यांची १८८२ साली हंटर कमिशनपुढची तक्रार याच जातीची होती. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा अंमल स्थानिक संस्थांचा आणि खर्चाचा एक हिस्सा त्यांचा तर दोन हिस्से सरकारचे, असे प्रमाण त्यांनी सुचवले होते; अडतीस विरुद्ध तेरा मतांनी ते विधेयक पडले. अमेरिकन उपनगराची सारी विद्या पाहून झाल्यावरही मला गोखल्यांचे ते प्रमाणच अधिक न्याय्य दिसते, कारण सत्ता जवळची असावी आणि पैसा दूरवरून गोळा व्हावा हे त्यात एका ओळीत बसवलेले आहे. आपण नेमके उलट झालो. शिक्षकांचा पगार राज्य देते, हे ठीकच. परंतु १९४७ च्या कायद्याची जिल्हा स्कूल बोर्डे १९६२ साली जिल्हा परिषदेत विरली, नगरांची शिक्षण मंडळे अलीकडे मोडीत निघाली, आणि त्यांच्या जागी शिक्षण हक्क कायद्याने जी शाळा व्यवस्थापन समिती दिली तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असूनही तिच्या हाती ना नेमणूक, ना नाव घेण्याजोगा खजिना. ती जुनी मंडळे गैरव्यवहाराने बदनाम होती, हे खरे. पण त्यावरचा इलाज उघडी सभा आणि मंडळाबाहेरच्या अधिकाऱ्याच्या शिफारशीचे बंधन हा होता. आपण मंडळच मोडून मोकळे झालो.

एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी बंधुभगिनींनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. २०१७ च्या शिक्षण मंडळाच्या निवडणुकीत तेथील दोन आशियाई वंशाच्या उमेदवारांविरुद्ध, चिनी व भारतीय लोक आपले गाव गिळताहेत अशा आशयाची निनावी पत्रके घरोघर गेली होती. हद्दीच्या आत असूनही परके ठरवले जाणे काय असते ते आपण पाहिले आहे. तेव्हा नदीपलीकडच्या शाळांना राज्याने अधिक अनुदान द्यावे असा ठराव पुढे येईल, त्या दिवशी ‘आमच्या कराचा पैसा’ म्हणून उठणाऱ्या आवाजात आपला आवाज मिळवू नका. आणि इकडे महाराष्ट्र सरकारकडे मागणी एवढीच आहे की, शिक्षकांचे पगार आजच्याप्रमाणे राज्याच्या तिजोरीतूनच द्यावेत, परंतु प्रत्येक तालुक्याला निवडलेले शिक्षण मंडळ द्यावे आणि त्याचे अंदाजपत्रक दरवर्षी मार्चअखेरच्या आत उघड्या सभेत, गावकऱ्यांच्या समक्ष, बाबवार वाचून दाखवणे कायद्याने बंधनकारक करावे.